निर्वासितांची नोंद ठेवणे हेही सुरक्षेचेच काम

संपादक महोदय,

परराष्ट्र धोरणात मानवी हक्कांचा विषय निघाला की ‘आधी राष्ट्रीय सुरक्षा’ असे म्हणून चर्चा मिटवली जाते. म्यानमारच्या बाबतीत हा युक्तिवाद तपासून पाहण्याजोगा आहे.

सुरक्षेची काळजी खोटी नाही. म्यानमारशी आपली 1,643 किलोमीटरची सीमा आहे आणि ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ अनेक वर्षे पलीकडच्या जंगलात राहिले आहेत. मे 2020 मध्ये म्यानमारने असे 22 बंडखोर आपल्या स्वाधीन केले. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मणिपूरच्या चुराचांदपूर जिल्ह्यात आसाम रायफल्सच्या ताफ्यावर हल्ला झाला. त्यामुळे फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावानंतरही दिल्लीने म्यानमारच्या राजधानीशी, नेप्यिडॉशी, संबंध तोडले नाहीत, हे समजू शकते. जून 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारविषयीच्या ठरावाच्या बाजूने 119 देशांनी मत दिले. तटस्थ राहिलेल्या 36 देशांत आपण होतो. त्याला माझा फारसा आक्षेप नाही. म्यानमारच्या लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांना भारताने नेहरू पुरस्कार दिल्यामुळे 1995 मध्ये मिझोराम सीमेवरची संयुक्त मोहीम म्यानमारच्या लष्कराने अर्ध्यावर सोडली, असे सांगितले जाते. तो धडा परराष्ट्र मंत्रालय विसरलेले नसावे.

पण ज्या लष्कराला सांभाळून घ्यायचे, त्याच्या हाती सीमा उरली आहे का? कलादान प्रकल्प पाहा. कोलकात्याहून समुद्रमार्गे म्यानमारचे सित्वे बंदर, तिथून नदीतून 158 किलोमीटरवर पलेत्वा आणि पुढे मिझोरामच्या झोरिनपुईपर्यंत सुमारे 110 किलोमीटर रस्ता, अशी ही योजना. सित्वे बंदर मे 2023 मध्ये सुरू झाले. जानेवारी 2024 मध्ये पलेत्वा आराकान आर्मी या लष्कराविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने जिंकले. म्हणजे करार एकाशी आणि रस्ता दुसऱ्याच्या ताब्यात! पुढच्याच महिन्यात मिझोरामचे राज्यसभा खासदार के. वनलालवेना सीमा ओलांडून आराकान आर्मीच्या लोकांना भेटून आले, ते उगाच नव्हे. अर्थात या संघटनेवरही रोहिंग्यांवरील अत्याचारांचे गंभीर आरोप आहेत. तिच्याशी बोलताना तो विषय पहिल्या बैठकीतच काढावा लागेल. नंतर काढला तर ऐकून कोण घेणार?

खरी गफलत निर्वासितांच्या बाबतीत आहे. 10 मार्च 2021 च्या पत्रात गृह मंत्रालयाने सीमेवरच्या चार राज्यांना सांगितले की येणाऱ्यांना रोखा, कुणालाही निर्वासित ठरवण्याचा अधिकार राज्यांना नाही, आणि 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. मिझोरामचे तत्कालीन मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी आठवडाभरात पंतप्रधानांना लिहून हे मान्य नसल्याचे कळवले. मणिपूरने तर छावण्या उघडू नका, अन्न देऊ नका असा आदेश काढला आणि टीका होताच मागे घेतला. मिझोराममध्ये आज म्यानमारमधून आलेले सुमारे 30 हजार लोक आहेत आणि त्यांचा भार मुख्यतः चर्च, यंग मिझो असोसिएशन आणि गावकऱ्यांनी उचलला आहे.

यातली अडचण अशी. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाला मिझोराममध्ये काम करता येत नाही, त्यामुळे निर्वासित म्हणून नोंद हवी तर दिल्ली गाठावी लागते. कागद नसलेला माणूस मिझोरामच्या सीमेवरच्या चंफाईहून दिल्लीला जाणार कसा? मे 2021 मध्ये अशाच सात जणांना मणिपूर उच्च न्यायालयाकडून सुरक्षित प्रवासाचा आदेश मिळवावा लागला. त्या निकालात न्यायालयाने, जिवाला धोका असेल तिथे परत न पाठवण्याचे तत्त्व घटनेच्या कलम 21 मध्ये वाचता येते, असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याच्या महिनाभर आधीच रोहिंग्यांच्या पाठवणीला स्थगिती नाकारली होती. खालच्या अधिकाऱ्याने यातले काय धरून चालायचे?

वास्तविक यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गृह मंत्रालयाचीच 2011 ची कार्यपद्धती आहे. वंश, धर्म, वांशिक ओळख किंवा राजकीय मत यांमुळे छळाची भीती सांगणाऱ्या परदेशी व्यक्तीचा दावा सकृद्दर्शनी खरा वाटला, तर सुरक्षा पडताळणी करून दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस करायची. हा व्हिसा मिळालेल्याला खासगी नोकरी करता येते, शिकता येते. म्यानमारच्या चिन राज्यातून मिझोराममध्ये आलेले निर्वासित या व्याख्येत सरळ बसतात. त्याऐवजी 2023 मध्ये ‘बेकायदा स्थलांतरित’ म्हणून त्यांचे बायोमेट्रिक ठसे घ्यायला सांगितले गेले. हीच माहिती उद्या परत पाठवायला वापरली जाईल, या भीतीने मिझोरामने तेव्हा नकार दिला आणि पडताळणी रखडली. सीमेपलीकडचा सशस्त्र माणूस आणि लेकुरवाळी बाई यांच्यातला फरक नोंदणीशिवाय कळणार नाही. ज्याला व्हिसा मिळण्याची आशा आहे, तो स्वतःहून ठसे द्यायला येतो. ज्याला हाकलले जाण्याची भीती आहे, तो नातेवाइकांच्या घरात लपतो.

शस्त्रांचे प्रकरण याहून अंधारात आहे. उठावानंतर भारतातून 5.1 कोटी डॉलरची शस्त्रे आणि संबंधित सामग्री म्यानमारला गेली, असे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे 2023 च्या अहवालात म्हटले. यावर उठावाआधीच्या करारांचा दाखला दिला जातो. लष्करी साहित्य ‘स्कोमेट’ या निर्यात-नियंत्रित वस्तूंच्या यादीच्या सहाव्या वर्गात येते आणि त्याची निर्यात परवानगी संरक्षण उत्पादन विभाग देतो. खरेदीदाराकडून अंतिम वापराचे प्रमाणपत्र घेतले जाते. पण खरेदीदार सरकारच स्वतःच्या गावांवर बॉम्ब टाकत असेल, तर त्याच्याच सहीच्या प्रमाणपत्राला काय अर्थ? दारूगोळा बनवणाऱ्या सरकारी कंपनीचे मुख्यालय आपल्या पुण्यात आहे आणि निर्यात वाढावी असे सर्वांनाच वाटते. म्हणूनच आपल्या खासदारांनी एक प्रश्न लोकसभेत विचारावा: 1 फेब्रुवारी 2021 नंतर म्यानमारसाठी सहाव्या वर्गातल्या किती परवानग्या दिल्या, किती नाकारल्या आणि नाकारताना कोणते निकष लावले?

– एक वाचक, पुणे