पॅकेजमधला डी-डायमर

महोदय,

‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिरातींत हल्ली डी-डायमर ही रक्ताची चाचणी सर्रास दिसते. कोविडच्या लाटेत हे नाव घरोघरी पोचले. लाट ओसरली, धास्ती उरली, आणि ती आता सवलतीच्या दरात विकली जाते आहे.

रक्ताची गुठळी विरघळताना फायब्रिनचे, म्हणजे गुठळी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे, तुकडे रक्तात उतरतात, ते म्हणजे डी-डायमर. पण गरोदरपण, ऑपरेशन, न्यूमोनिया, कर्करोग, इतकेच काय नुसते वाढते वय, यांनीही ते वाढते. त्यामुळे पायात किंवा फुप्फुसात गुठळी असल्याचा संशय फारसा नसेल आणि आकडाही कमी आला, तर डॉक्टर ती शक्यता बाजूला ठेवू शकतात. चाचणीचा मुख्य उपयोग हा. आकडा जास्त आला म्हणून गुठळी सिद्ध होत नाही. पन्नाशीनंतर तर नेहमीच्या 500 ऐवजी वय गुणिले 10 अशी मर्यादा बरेच डॉक्टर धरतात. धडधाकट माणसाने पॅकेजमध्ये ही चाचणी करून नेमके काय कळणार?

त्यात एककांचा घोळ. काही किट एफईयूमध्ये (फायब्रिनोजेनच्या हिशेबाने) मोजतात, काही डीडीयूमध्ये (थेट डी-डायमरच्या हिशेबाने). एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो; वर दिलेल्या मर्यादा एफईयूच्या, डीडीयूत त्या निम्म्या. आमच्या सोसायटीतल्या 72 वर्षांच्या काकांचा रिपोर्ट एका लॅबमधून 310 आला, आठवड्याने दुसरीकडून 620. दुप्पट झाले म्हणून मुलगा रात्री त्यांना घेऊन इस्पितळात धावला. पहिला आकडा डीडीयूचा होता, दुसरा एफईयूचा. म्हणजे फरक शून्य, आणि वयाच्या हिशेबाने दोन्ही मर्यादेतच. पहिल्या रिपोर्टवर नुसते ‘नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर’ छापले होते, कोणते एकक ते नाही. दुसऱ्यावर होते, पण मुंगीच्या अक्षरात. ठळक काय, तर 620 आणि त्यापुढचा लाल बाण!

एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता मिरवणाऱ्या लॅबनी तरी आकड्याला चिकटूनच एफईयू की डीडीयू ते छापावे, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ही चाचणी करू नये. सवलत द्यायचीच तर पीटी-आयएनआरला, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या तपासणीला द्या. हृदयात धातूची झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि तिचा डोस याच तपासणीवर ठरतो. पैसे वाचवायला ती पुढे ढकलणारे रुग्ण मी नोकरीत असताना नेहमी पाहिले आहेत.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सांगली