नकाशा नाकारण्याआधी सल्ला देणारी प्रणाली द्या : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सादर नमस्कार.

कोल्हापुरात पंचगंगेच्या पूररेषेतल्या भूखंडाचा आणखी एक नकाशा ऑनलाइन छाननीतून परत आला आहे. शेरा एका ओळीचा : ‘सामासिक अंतर नियमानुसार नाही.’ म्हणजे इमारत आणि भूखंडाची हद्द यांमध्ये सोडायची मोकळी जागा. कोणत्या बाजूचे, किती कमी, कोणत्या नियमाने, यातले काहीही लिहिलेले नाही. नकाशा मोठा करून पाहिल्यावर कळले की भूखंडाच्या हद्दीची रेषा एका कोपऱ्यात जुळलेली नव्हती. आकृती बंद नसली की संगणक क्षेत्रफळच धरत नाही, मग चूक भलत्याच जागी दाखवतो. तेवढ्यासाठी नकाशा पुन्हा रांगेत गेला. इकडे घर बांधणाऱ्या मालकाचे राहत्या जागेचे भाडेही चालू आणि कर्जाचे व्याजही चालू.

ऑनलाइन परवानगी आली की हेलपाटे थांबतील, असे आम्हाला सांगितले होते. हेलपाटे थांबले नाहीत. आता शेऱ्याचा अर्थ विचारायला जावे लागते, आणि तो तिथेही कुणाला सांगता येत नाही.

साहेब, आमची मागणी वेगळी आहे. आराखडा पुरा झाल्यावर मोजमाप तपासणे हे तपासनिसाचे काम. आम्हाला पहिली रेघ मारण्याआधी सल्ला देणारी तज्ज्ञ प्रणाली, म्हणजे जाणकारांचे नियम साठवून त्यावरून कारणासह सल्ला देणारा संगणकीय कार्यक्रम, हवी आहे. कोल्हापुरात तिची गरज किती आहे, हे एका उदाहरणावरून पाहा.

डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीनुसार निळ्या (नदीकडच्या) आणि लाल (मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या मधल्या पट्ट्यात जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवी. समजा रस्ता लाल रेषेच्या पातळीपेक्षा २ मीटर खाली आहे. जोते रस्त्यापासून २.४५ मीटर वर गेले. १५० मिलिमीटरच्या सतरा पायऱ्या आल्या आणि पाय ठेवायच्या ३०० मिलिमीटरच्या पावठ्या धरल्या तर सरळ जिन्यालाच ४.८ मीटर लांबी लागते. घरापुढच्या तीन मीटरच्या सामासिक अंतरात तो बसत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ चा उतार दिला तर २९.४ मीटर, मधले टप्पे वेगळे. म्हणून घरमालक म्हणतो, घर खांबांवर उचलून खाली गाड्या लावू. पण ४५० मिलिमीटर खोलीची तुळई वजा केली की खाली दोनच मीटर उरतात, मजला आणखी उचलावा लागतो. तळमजला मोकळा राहिला की भूकंपात तोच मजला दगा देतो. आयएस १८९३ या भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या भाग १ नुसार कोल्हापूर भूकंप क्षेत्र ३ मध्ये आहे आणि तो भाग अशा कमकुवत मजल्यासाठी काँक्रीटच्या भिंती किंवा तिरपे आधार मागतो. त्या भिंती अडीच बाय पाच मीटरच्या गाडीच्या जागेत घुसतात. पाण्याच्या प्रवाहाला आडव्या उभ्या केल्या तर पुराचा दाबही त्यांच्यावरच येतो.

एका जोत्याच्या उंचीने जिना, उतार, पार्किंग, खांब सगळे हलवले. नियम एकेकटे पाहिले तर सगळे बरोबर आहेत. एकावर दुसऱ्याचा काय परिणाम होतो, हे मात्र कुठलीच छाननी सांगत नाही. जमिनीखालच्या टाकीचेही तसेच. ३ × २ × १.५ मीटरची टाकी पुरात पूर्ण बुडाली आणि आत रिकामी असली, तर पाणी तिला ९ टनांनी वर ढकलते. टाकीचे वजन, वरची माती आणि तळाची पकड यांनी तो जोर पेलला पाहिजे, हे आराखड्याच्या पहिल्या दिवशी विचारायचे असते.

हे तंत्र नवे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकात मायसिन ही रक्तातील संसर्गाचे निदान सुचवणारी प्रणाली काही शे नियमांवर चालत होती. डॉक्टरने ‘का?’ विचारले की ती आपला नियम दाखवत असे. सिंगापूरने १९९५ मध्ये बांधकाम परवानगीसाठी कोरनेट ही संगणकीय यंत्रणा हाती घेतली. आमच्या नशिबी मात्र अजून एका ओळीचा शेरा.

प्रत्येक नियम ‘जर-तर’ स्वरूपात लिहा. त्याला कलम क्रमांक, लागू झाल्याची तारीख आणि अपवाद जोडा. दुरुस्ती निघाली की जुना नियम पुसू नका, त्याची मुदत संपवा. आधी दाखल झालेल्या नकाशाला कोणता नियम लागू हा वाद तिथेच मिटतो. बदल लागू करण्याआधी पूर्वी मंजूर झालेले नकाशे त्यातून चालवून पाहा, निकाल बदलला तर कारण शोधा. ‘आयुक्तांच्या विवेकाधिकारात’ असे जिथे लिहिले आहे तिथे प्रणालीने थांबावे, अधिकाऱ्याने कारण लिहून सही करावी.

आणि सगळ्यात आधी पातळ्या द्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पण बंधाऱ्यावरचे फूट म्हणजे भूखंडावरची पातळी नव्हे. नकाशावर पूररेषा आहे, त्या गटात लाल रेषेची पातळी किती मीटर, हा आकडा मात्र प्रत्येकाने स्वतः शोधायचा. २००५, २०१९, २०२१. तीन महापूर होऊन गेले, तरी ही एक यादी सर्वांसाठी खुली होऊ नये?

आम्हाला राग याचाच आहे. नियम परिपत्रकांत, परिपत्रके स्कॅन केलेल्या पानांत, आणि त्यांचा खरा अर्थ नगररचनेतल्या एखाद्या जुन्या जाणत्या माणसाच्या डोक्यात. त्याची बदली झाली, तो निवृत्त झाला, की शहराचे ज्ञान त्याच्याबरोबर गेले. ते नोंदवून घेण्यासाठीच तर तज्ज्ञ प्रणाली असते! निविदा निघते ती संगणकाच्या पडद्यांची आणि यंत्रांची. नियम लिहिणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसांसाठी तरतूद कधी होणार? वास्तुविशारद, संरचना अभियंता, नगररचनाकार आणि जलसंपदाचा अभियंता एका टेबलाशी बसल्याशिवाय वर सांगितलेली जोत्याची साखळी कुणालाच लिहिता येणार नाही.

पहिली चाचणी दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली आणि बापट कॅम्प इथल्या भूखंडांवर घ्या. आमच्यातले जाणकार विनामोबदला बसायला तयार आहेत. पुढच्या पावसाळ्याच्या आत बैठकीची तारीख कळवावी.

आपले,
कोल्हापुरातील वास्तुविशारद आणि अभियंते