कंडिशनर घेताना बाटली उलटी करून वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्लीच, रंग, पर्म किंवा स्ट्रेटनिंगनंतर केस राठ झाले की बहुतेकजण आधी महागड्या कंडिशनरकडे वळतात. केसांच्या निगेवरच्या लेखांतही बाटल्यांची नावे येतात, पण आत काय असावे हे क्वचितच सांगितलेले असते. खरे तर अशा केसांना उपयोगी पडणारे घटक स्वस्तातल्या स्वस्त कंडिशनरमध्येही असतात. महागड्या बाटलीतली बरीचशी किंमत वास, वेष्टन आणि जाहिरातीची असते.

आधी केसाचे काय बिघडते ते पाहू. निरोगी केसावर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे केस एकमेकांवरून सरकतात. ब्लीच आणि तीव्र अल्कली (आम्लाच्या उलट गुणाची रसायने) हा थर काढून टाकतात. ब्लीचमुळे आतले गंधकाचे बंधही तुटतात आणि त्यांच्या जागी आम्लगट तयार होतात. मग केसाचा पृष्ठभाग पाणी धरू लागतो आणि त्यावरचा ऋण विद्युतभार वाढतो. ओले असताना गुंता होणे आणि फणीत केस तुटणे इथूनच सुरू होते. म्हणूनच अशा केसाला धनभारित, म्हणजे धन विद्युतभार असलेला, घटक हवा. तो ऋणभाराला चिकटतो, आणि केस जिथे जास्त खराब झालेला असतो तिथे जास्त बसतो.

बाटलीवरच्या घटकांच्या यादीत हाच घटक शोधायचा. सगळ्यात भरवशाचे नाव बेहेनट्रायमोनियम, मग पुढे क्लोराइड असो वा मेथोसल्फेट. त्याच्या रेणूतली साखळी 22 कार्बन अणूंची असते, तर सेट्रीमोनियम क्लोराइडची 16 ची. साखळी लांब असली की केस जास्त मऊ होतो. त्यामुळे एकटे सेट्रीमोनियम असलेले कंडिशनर थोड्याशा खराब केसांना पुरते, ब्लीच केलेल्यांना कमी पडते. कमी किमतीच्या पुष्कळ कंडिशनरमध्ये स्टिअरामिडोप्रोपिल डायमेथिलअमाइन असते. ते वाईट नाही, पण आम्ल मिळाल्यावरच धनभारित होते. म्हणून त्याच यादीत सायट्रिक किंवा लॅक्टिक आम्ल आहे ना, ते पाहावे.

सेटिल, स्टिअरिल, सेटिअरिल ही नावे पाहून ‘यात अल्कोहोल आहे’ म्हणून बाटली परत ठेवणारे पुष्कळ आहेत. हा गैरसमज आहे. ही मेणासारखी स्निग्ध अल्कोहोले आहेत. कंडिशनरला दाटपणा आणि केसाला मऊपणा त्यांच्यामुळेच येतो, आणि ती यादीत पाण्यानंतर लगेच यायला हवीत. केस कोरडे करते ते डिनेचर्ड किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते पहिल्या चार-पाच नावांत असेल तर ती बाटली नको.

बहुतेक देशांत घटक उतरत्या प्रमाणाने छापतात, मात्र 1 टक्क्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फेनॉक्सीइथेनॉल हे कंडिशनर खराब होऊ न देणारे संरक्षक सहसा 1 टक्का किंवा त्याहून कमी असते, त्यामुळे त्याच्यापुढची नावे नाममात्र समजावीत. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेले आर्गन तेल किंवा केराटिन बहुधा तिथेच सापडते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे अमोडायमेथिकोनचा. हे सिलिकोन यादीत खाली असले तरी चालते, कारण तेही धनभारित असते आणि थोडक्यात काम करते. ब्लीच केलेल्या केसांसाठी दोन बाटल्यांतली एक निवडायची झाली, तर आम्ही हे नाव असलेली निवडू. साधे डायमेथिकोनही चांगले, पण बारीक केसांवर त्याचा थर साचून केस चपटे दिसू लागतात. तसे झाले तर तीन-चार आठवड्यांतून एकदा, नेहमीपेक्षा जोरकस शाम्पूने केस धुवावेत.

किंमत बाटलीवर नव्हे, 100 मिलिलिटरला किती पडते यावर ताडून पाहावी. ‘मास्क’ म्हणून विकले जाणारे पुष्कळदा त्याच घटकांचे अधिक दाट मिश्रण असते. दोन्ही याद्या शेजारी धरल्या की लगेच कळते.

चांगले कंडिशनरही चुकीच्या पद्धतीने लावले तर वाया जाते. शाम्पूनंतर केस हाताने पिळून पाणी निथळू द्यावे. थबथबत्या केसांवर ते पातळ होऊन वाहून जाते. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन ते तीन चहाचे चमचे, म्हणजे 10 ते 15 मिलिलिटर पुरे. टोकांपासून सुरुवात करून कानाच्या पातळीपर्यंत लावावे, टाळूला नको. मग जाड दातांच्या फणीने खालून वर गुंता सोडवत 2 ते 3 मिनिटे ठेवावे. अर्धा तास ठेवून फारसे काही वाढत नाही. धुण्यासाठी बनवलेले कंडिशनर केसांत तसेच सोडू नये, धनभारित घटक त्वचेला चुरचुरतात.

नवे कंडिशनर लहान बाटलीत घ्यावे. तीन-चार धुण्यांपर्यंत डोक्याच्या एका बाजूला जुने, दुसऱ्या बाजूला नवे लावून ओल्या केसांत फणी कुठे अडते ते पाहावे. वाळल्यावरच्या चमकेपेक्षा ही परीक्षा खरी. धुण्याआधी काही तास खोबरेल तेल लावल्यास केसातले प्रथिन कमी झिजते, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. खनिज आणि सूर्यफूल तेलाने तो फायदा झाला नाही.

‘दुरुस्ती’ या शब्दावर मात्र विसंबू नये. कंडिशनर घर्षण आणि तुटणे कमी करते, तुटलेले गंधकाचे बंध जोडत नाही. ओला केस रबरासारखा ताणला जाऊन परत आखडत नसेल, तर तेवढा भाग कापावा आणि त्या केसांवर पुन्हा रसायन लावू नये. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, त्या हिशोबानेच नवा केस येईपर्यंत थांबावे लागते.

आपले,
केसांच्या प्रसाधनांची रचना जाणणारे वाचक