बालदिनाच्या लेखात मूल का नव्हतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

14 नोव्हेंबरच्या आपल्या अंकातला मधुमेहावरचा लेख माझ्या मुलीने शाळेतून आल्या आल्या माझ्या शिलाई मशीनवर आणून टाकला. लेखात चुकीचं काही नव्हतं. चाला, गोड कमी खा, वजन सांभाळा, चाळिशीनंतर तपासणी करा. पण तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने तो वाचून तिला विचारलं होतं, "एवढं काय गोड खाल्लंस गं तू?"

मुलगी दहावीला आहे. नवव्या वर्षापासून तिला टाईप वन मधुमेह आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोडाधोडाचा, आळसाचा, आईने केलेल्या लाडाचा त्याच्याशी संबंध नाही. नुसत्या गोळ्यांवर भागत नाही, इन्सुलिन टोचावंच लागतं. तिला दिवसातून चार वेळा. इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी ज्या बँटिंग यांचा जन्मदिवस म्हणून 14 नोव्हेंबरला मधुमेह दिन पाळतात, त्यांच्या इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन 1922 साली टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला दिलं गेलं. आपल्याकडे तोच दिवस बालदिनाचा. तरी अख्ख्या लेखात एकही मूल नव्हतं, एवढीच आपल्याबद्दल तक्रार.

बाकीची तक्रार माझी माझ्याबद्दलच आहे.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मी तिला पहिली गोष्ट शिकवली ती सुई टोचायची नव्हे, लपवायची. "कुणाला सांगू नकोस हं." इन्सुलिनची पेनं फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, स्टीलच्या डब्यात, वर कोथिंबिरीची जुडी. हळदीकुंकवाला बायका आल्या की तो डबा कुणी उघडेल म्हणून माझा जीव टांगणीला. नऊ वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी मला तेव्हापासून! आत्याबाईंना मात्र कळलंच. त्यांनी कारल्याचा रस आणि कुणा वैद्याचा पत्ता पाठवला. "एकदा का सुईची सवय लागली की सुटत नाही," म्हणाल्या. श्वासाची सवय लागते तशीच ही, हे तेव्हा मला सुचलं नाही. मी पत्ता नीट घडी करून ठेवून दिला.

शाळेत ती दुपारचं इन्सुलिन संडासात जाऊन घ्यायची, एका हाताने दार धरून, कारण कडी तुटलेली. आठवीत गणिताच्या तासाला तिची शुगर उतरली. घाम, थरथर, बाईंनी विचारलेलं कळेना. नुसती बघत राहिली म्हणून उद्धट ठरली आणि तासभर उभी राहिली. बाईंना दोष कसा देऊ? त्यांना माहीतच नव्हतं. न सांगायचा हुकूम माझा.

नववीत तिची शुगरची वही एकदम सुंदर दिसायला लागली. 118, 124, 131. मी खूश. शुगर तपासायची एकेक पट्टी वीसेक रुपयांची, यांचा लूमवरचा पगार महिन्याच्या वीस तारखेलाच संपतो, पण वही बघून सगळं भरून पावल्यासारखं वाटायचं. मग तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा (एचबीएवनसी) रिपोर्ट आला: 10.8 टक्के, म्हणजे फारच जास्त. घरी येऊन वही उजेडात धरली, तर पंधरा दिवसांचे आकडे एकाच निळ्या शाईचे, एका बैठकीत लिहिलेले. पट्ट्यांची डबी जवळजवळ भरलेली. दुपारचं इन्सुलिन तिने कधीच सोडलं होतं. मी हात उगारला होता. ती म्हणाली, "तूच म्हणालीस ना, कळू द्यायचं नाही. मग तुला तरी कशाला?"

आमच्या डॉक्टरांनी त्या दिवशी रिपोर्ट बाजूला ठेवून तिला फक्त विचारलं, "कंटाळा आलाय का?" ती जी रडायला लागली ती पाऊण तास. सहा वर्षांत मी हे तिला एकदाही विचारलं नव्हतं. मी विचारायचे, "किती आली?"

आता शाळेत सांगितलंय. तरी सहामाहीला दुसऱ्या तुकडीच्या सरांनी तिच्या खिशातली ग्लुकोजची पुडी काढून टेबलावर ठेवली, कॉपी असेल म्हणून. मागायची तिला लाज वाटली. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावरचं अक्षर नंतर मी पाहिलं. ते तिचं वाटतच नव्हतं. सीबीएसईने 2017 मध्येच अशा मुलांना परीक्षेत खाऊ आणि पाणी जवळ ठेवायची मुभा दिली. आमची मुलगी राज्य मंडळाची. फेब्रुवारीत केंद्र परकं, पर्यवेक्षक परके. मुख्याध्यापकांचं पत्र आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन आम्ही आधीच केंद्रावर जाणार आहोत. पण आपले वाचक असलेल्या पर्यवेक्षकांनी एवढं ध्यानात ठेवावं: शुगर 70 च्या खाली गेली की तीन चमचे साखर लगेच पोटात जावी लागते, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं लागतं. घंटा होईपर्यंत थांबता येत नाही.

पत्राखाली नाव घालायला माझी हरकत नव्हती. पण या वेळी मुलीला आधी विचारलं. "पेपर झाल्यावर सांगते," म्हणाली. तोवर नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक आई, इचलकरंजी