बाप्या, आजीच्या पोथीवरच्या टेप

छत्रपती संभाजीनगर
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बाप्या,

आठ महिने झाले, ना फोन ना मेसेज. दिवाळीला तू फोटो पाठवलास त्याला साधा अंगठा पण दाखवला नाही मी. शिव्या दे, हक्क आहे तुझा. पण आज जे झालंय ते दुसऱ्या कुणाला सांगायचं म्हणलं तर आधी तीस वर्षांचं सगळं सांगावं लागेल आणि तरी त्याला कळणार नाही. तब्येत ठीक, शुगरची गोळी चालू आहे, चष्म्याचा नंबर वाढला, बाकी काही नाही.

आजीची पोथी बाहेर काढली. भूकंपातली, माळवदाखालची. स्कॅनिंग चालू आहे सगळ्या पोथ्यांचं, त्यात मंगळवारी तिचा नंबर लागला. खरं सांगू का, इतकी वर्षं लाल बासन मीच बदलायचो, वेखंडाची पुरचुंडी मीच बदलायचो, कसर लागली नाही ना म्हणून कडा बघायचो, पण दोन फळ्यांची दोरी सोडून आतली पानं काही मी बघितली नाहीत. सोडवतच नव्हती. आत काय झालं असणार ते मला लखनौला पोथ्या-कागद जतनाच्या ट्रेनिंगला गेलो तेव्हाच कळलं होतं. तिथं दुसऱ्याच दिवशी सेलोटेप लावलेला एक कागद दाखवला होता त्यांनी, आणि मला घाम फुटला होता. तुला हे कधी बोललो नाही.

आता बीडची एक पोरगी ट्रेनिंगला आलीय. हात असा स्थिर की बघत राहावं. तिनंच दोरी सोडली. पहिली वीसेक पानं बरी निघाली, तोच घोटून गुळगुळीत केलेला देशी कागद, उजेडात धरला की साच्याच्या काड्यांच्या रेघा दिसतात, शाई अजून काळीभोर. आणि मग आपण दोघांनी टेप लावलेली पानं सुरू झाली. वरचं प्लास्टिक बऱ्याच ठिकाणी आपोआप सुटून पडलंय आणि खालचा चिकट भाग कागदात पार मुरलाय, चहा सांडल्यासारखे तपकिरी पट्टे, आणि त्या पट्ट्यात कागद तेलकट पारदर्शक झालाय, मागच्या बाजूची अक्षरं पुढं दिसायलीत, दोन ओळी एकमेकींवर चढल्यासारख्या. तिनं भिंग धरलं आणि म्हणाली, सर, ही टेप कुणी लावली असेल हो? वाटोळं केलंय पोथीचं.

मी म्हणालो, जुनं काम आहे.

बाप्या, एवढंच म्हणालो मी. मंगळवारपासून आज रविवार, तेवढंच म्हणालोय.

बुधवारी जिथं प्लास्टिक अजून धरून होतं तिथला एक तुकडा मी स्वतः काढायला घेतला. गरम पातं हळूहळू आत सरकवत न्यायचं, चिकट भाग जरा मऊ होतो, मग टेप मागं वळवायची, ओढायची नाही. अर्धा इंच सरकायला वीस मिनिटं. निघाली, पण येताना चार अक्षरं घेऊन आली. शाई आपली काजळ आणि डिंकाची, घोटलेल्या कागदावर ती वरच्या वरच बसलेली असते, टेपनं तिला उचललं. काचेच्या बशीत ठेवलाय तो तुकडा, चारही अक्षरं उलटी, आरशात बघितल्यासारखी, त्यातला एक काना मात्र कागदावरच राहिलाय. माझा हात तिथंच थांबला. पोरगी म्हणाली, सर पाणी आणू का.

आणि हो, टेपच्या टोकाला तुझे दात आहेत! तुला कात्री शोधायचा कंटाळा, दातानं तोडायचास, माकडासारखा, मोठे सर ओरडायचे. भिंगाखाली ते कंगोरे स्पष्ट दिसतात. माझे तुकडे कात्रीचे, सरळ. मी मोजले. एकूण ४१. तुझे १७, माझे २४. म्हणजे तू उद्या म्हणशील की टेपचं डोकं तुझं होतं, तर ते चालायचं नाही. रोल मीच आणला होता, गुलमंडीवरच्या स्टेशनरीतून, तू तर म्हणाला होतास की खळ लावून पातळ कागद चिकटवू. मीच म्हणलं खळीला किडे लागतात. लखनौला काय शिकवलं माहितेय? गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि जपानी कागद, तंतू लांब आणि वजन जवळजवळ नाहीच. पुढं कधी काढायचा झाला तर जरा ओलसर केलं की सुटतो. गव्हाची खळ रे! उन्हाळ्यात आपल्या आया कुरडयांना चीक काढायच्या त्याचीच जवळची बहीण. घराघरात होती.

आजीचा चेहरा सारखा समोर येतो. रजिस्टरला तुझ्या अक्षरात नोंद आहे, '३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात पडलेल्या वाड्यातून, माती लागलेली, पानं फाटलेली'. ते दिवस तुला काय सांगू, तू होतासच, वरून तो पाऊस. ती रोज यायची, नुसती उंबऱ्यात बसायची आणि विचारायची, झाली का रे लेकरांनो माझी पोथी. घरातलं तेवढंच राहिलं होतं तिचं. घाई त्यासाठी केली आपण, दुसरं काही नव्हतं, हे मला पक्कं माहिती आहे. दिली तेव्हा तिनं सगळी पानं एकदा हातानं चाचपली आणि पुन्हा आपल्याकडंच ठेवली, म्हणाली मला आता घर नाही, तुम्हीच सांभाळा. आणि मी म्हणलं होतं, आजी, शंभर वर्षं काही होत नाही हिला.

तुला अजिंठ्याचं भांडण आठवतं का? निजाम सरकारनं १९२० च्या सुमारास इटलीहून दोन माणसं बोलावली, चेकोनी आणि ओर्सिनी, त्यांनी सुटत चाललेलं प्लास्टर धरून ठेवलं आणि चित्रांवर शेलॅक फिरवलं, म्हणजे आपल्या सुताराचा चपडाच की. तेव्हा रंग उजळून निघाले असतील. मग ते पिवळं पडलं, तडकलं, धूळ धरली, आणि पुरातत्त्व खात्याची माणसं पुढं वर्षानुवर्षं कापसाच्या बोळ्यानं ते काढत बसली. एक नंबरच्या लेणीत उभं राहून मी म्हणलं, गुन्हेगार आहेत साले. तू म्हणालास, नसते आले तर प्लास्टर खाली आलं असतं, त्यांच्या हातात तेव्हा जे होतं ते लावलं. मी इतका भडकलो की फर्दापूर ते सिल्लोड एसटीत तुझ्याशी बोललो नाही, तुझ्या हातच्या शेंगा पण घेतल्या नाहीत. तुझं बरोबर होतं. पण निम्मंच. इटलीच्या माणसांनी काय लावलं ते निदान सगळ्यांना माहिती आहे, त्यामुळं काढणाऱ्याला कळतं कशाशी गाठ आहे. आपण तर कुठंच लिहिलं नाही, बाप्या. रजिस्टरला तुझ्या त्या नोंदीपुढं 'दुरुस्ती केली' एवढे दोनच शब्द आहेत, माझ्या अक्षरात.

त्याच पोथीत लेखकाच्या चुका आहेत, बारा-पंधरा तरी. चुकलेल्या अक्षरावर त्यानं हरताळ फासलाय, म्हणजे ते पिवळं खनिज, पिवळाधमक, आणि त्याच्यावर बरोबर अक्षर लिहिलंय. आपण बोलताना हरताळ फासला म्हणजे वाट लावली असं म्हणतो, आणि तो बिचारा दाखवत होता की इथं मी चुकलो, इथून पुढं असं वाचा. पोरगीला ते दाखवताना माझा आवाज जाईल असं वाटलं म्हणून उठून स्टोअरमध्ये गेलो, उगंच आर्द्रतेचा काटा बघत उभा राहिलो.

आता मुद्दा. रिपोर्टमध्ये एक रकाना असतो, 'पूर्वीची दुरुस्ती : कोणी, कधी, कशाने'. मी लिहिणार आहे. टेप, साल, आणि माझं नाव. पोरगीला उद्या सकाळीच सांगणार. बाकीच्या टेप काढायच्या का, हा वेगळा प्रश्न. जिथं प्लास्टिक सुटलंय तिथं चिकटा इतका कडक झालाय की रबरानं निघत नाही, पाणी लावायची सोय नाही कारण शाई वाहील, आणि सॉल्व्हंट लावलं तर डाग आणखी खोल जाईल का याची आधी कोपऱ्यावर चाचणी. घाई करणार नाही. वर्ष लागलं तर लागू दे, तीन वर्षं आहेत रिटायरमेंटला. साहेबाला स्कॅनिंगची तारीख पाहिजे, त्याच्याशी भांडीन.

पण तुझं नाव लिहू का? तू सत्त्याण्णवला सोडलंस, परमनंट करत नाहीत म्हणून, आणि मी तुला पळपुटा म्हणालो होतो. त्या शब्दाची लाज वाटते मला आजही. आता तुझं तिथं काही नाही, नाव गाळलं तर कुणाला कळणार पण नाही. फक्त मग १७ तुकडे माझ्या नावावर जातात आणि ते खोटं होईल.

वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? पिंकीला पुण्यात रूम मिळाली का, नसेल तर माझ्या भाच्याला सांगतो. दुकानाची उधारी वसूल कर रे, सोयाबीन विकलं की लोक तोंड चुकवतात.

आजीचा नातू गुरुवारी येतोय पोथी बघायला, सोबत त्याची लेक आहे. मी त्याला पानं दाखवणार, डागांची पण. नावाचं बुधवारपर्यंत कळव, फोनवर नको, फोनवर तू हसण्यावारी नेशील आणि मी पण हो हो म्हणेन. लिहून कळव. आणि जमलं तर गुरुवारी तूच ये, सकाळच्या परभणी गाडीनं अकराला पोचतोस. बशी मी झाकून ठेवलीय.

तुझा,
पंड्या