पेटीतल्या बाळाच्या आईला

प्रिय मनू,

फोनवर तू बोलण्याआधीच रडू लागतेस, मग मलाही बोलवत नाही. म्हणून हे पत्र जावईबापूंच्या हाती पाठवते आहे.

‘वजन 1420 वरून 1340 ग्रॅमवर आलं, माझं काय चुकलं?’ असं काल विचारलंस. काही चुकलं नाही. सुरुवातीच्या दिवसांत बाळं उतरतातच. लेबर रूममध्ये 31 वर्षं काढलेली सिस्टर म्हणून सांगते.

पोटात बाळाची फुप्फुसं पाण्यानं भरलेली असतात. जन्मल्याबरोबर ते पाणी सारून हवा आत ओढायची, म्हणून पहिला श्वास फार जड. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांत एक बुळबुळीत द्रव तयार असतो, त्यामुळे श्वास सोडला तरी वायुकोश चिकटून मिटत नाहीत. तुझ्या लेकीला 31व्या आठवड्यात तो पुरेसा नाही. तिला पहिला श्वास पुन्हा पुन्हा घ्यावा लागतोय. तिच्या बरगड्या आत ओढल्या जाताना तुला बघवत नसणार, कळतं मला.

‘लढली म्हणजे खंबीर होईल’ असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. मला ते कधीच पटलं नाही. माझ्या हातून गेलेली बाळंही जिवाच्या आकांतानं लढली होती. कमी पडली ती ऊब. त्यांच्यावरचं जेवढं ओझं आपल्याला उचलता येतं, तेवढं उचलायचं.

म्हणून डॉक्टरांनी होकार दिला की तिला उघड्या छातीशी धर. अंग गरम ठेवण्यात तिची ताकद जायला नको. 1978 साली कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून हे सुरू केलं. 2021 साली भारतासह पाच देशांतला अभ्यास आला: 1800 ग्रॅमच्या आतल्या बाळांना जन्मल्यापासूनच असं धरलं, तर मृत्यू चौथ्या हिश्शानं घटले. तू थकलीस की जावईबापूंनी धरावं, बापाची छातीही चालते.

आजीला ऊर्ध्व लागला ती रात्र आठवते? श्वास थांबायचा, पुन्हा यायचा. तिच्या वाट्याचा श्वास मला घेता येत नव्हता. पहाटेपर्यंत तिचा हात तेवढा हातात ठेवला होता.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं येते. पुढून बटणं असलेले दोन गाऊन शिवलेत, ते आणते. दर तीन तासांनी दूध काढत राहा, थेंबभर आलं तरी सिस्टरांकडे दे.

तुझी,
आई