पत्रकाच्या तळाची ओळ वाचायला माणसं हवीत

ठाणेकरहो,

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. आदल्या रात्री नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत दाराखालच्या फटीतून एक पिवळं पत्रक सरकवलं गेलं. 'अमुक उमेदवाराने माघार घेतली आहे, मत वाया घालवू नका.' तळमजल्यावरच्या आजींना ते खरं वाटलं आणि सकाळी त्या भलत्यालाच मत देऊन आल्या. माघारीची मुदत तर ४ नोव्हेंबरलाच संपली होती. त्यानंतर नाव यंत्रावर राहतंच, कोणी काहीही छापो. हे सांगायला आम्ही गेलो तेव्हा आजींच्या बोटावरची शाई वाळली होती.

कायदा नाही असं नाही. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल किंवा माघारीबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) नुसार भ्रष्ट आचार ठरतो. जिंकलेल्या उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने तो केला हे कोर्टात सिद्ध झालं, तर निवडणूकच रद्द होते. पण सिद्ध करायचं तर छापलं कोणी हे आधी कळायला हवं. त्यासाठी कलम १२७अ आहे: निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पिवळ्या पत्रकाच्या तळाशी कोरा कागद होता. आणि आमच्यातल्या एकानेही ते जपलं नाही, सगळं रद्दीत गेलं. ही चूक आमचीच.

आमचं रहिवासी मंडळ छोटं आहे आणि कोणत्याही पक्षाचं नाही. (कार्यकारिणीतले दोघे राजकारणावरून इतके भांडतात की आता चहाही लांब बसून घेतात.) पुढच्या निवडणुकीआधी गोखले रोड ते राम मारुती रोड या पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या गेटवर पत्रकपेट्या ठेवायच्या आहेत. आलेलं पत्रक त्यात टाकायचं. आम्ही तळाची ओळ तपासू, मजकूर पडताळू, खुलासा फलकावर लावू आणि गरज पडली तर तक्रार करू. पत्रक आपल्या आवडत्या उमेदवाराचं असलं तरी.

यासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी देणारे स्वयंसेवक हवेत. छपाईच्या धंद्यातलं कोणी असेल तर फारच बरं. कागद आणि शाई बघून त्यांना जे कळतं ते आम्हाला कळत नाही. तक्रारीचा मसुदा करून देणारा एखादा वकीलही हवा. ज्यांना यातलं काही जमणार नाही त्यांनी निदान सी-व्हिजिल हे निवडणूक आयोगाचं तक्रारीचं अॅप उतरवून ठेवावं. त्यात जागेवर काढलेलाच फोटो चालतो, गॅलरीतला नाही.

पेट्या आणि खुलाशांच्या छपाईसाठी वर्गणी: एका घराकडून जास्तीत जास्त ५०० रुपये, पावतीसह. पक्ष, उमेदवार, बिल्डर आणि कंत्राटदार यांच्याकडून एक रुपयाही घेणार नाही. हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल.

रविवारी सकाळी १० ते १२ गावदेवी मैदानाजवळ आमचं टेबल असेल. घरात जुनी पत्रकं असतील तर घेऊन या. पिवळं सापडलं तर आधी ते.